पुढचं छापलेलं नव्हतं

सन्माननीय अध्यक्षबाई, म्हणजे आपल्या मुख्याध्यापिका. व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, म्हणजे ज्यांनी शाळेला या खुर्च्या दिल्या ते लाकडाचे व्यापारी. सर्व शिक्षक, पालकमंडळी, मुलांनो आणि मुलींनो. आणि आजचे सत्कारमूर्ती, आपले इंग्रजीचे सर, ज्यांना आज आपलाच निरोप समारंभ आहे याची सकाळी कुणीतरी आठवण करून दिली असणार. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सर, चष्मा डोक्यावर आहे. खिसे चाचपू नका. मी तिथं नाही, पण मला इथून दिसतंय. पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा छत्री विसरलात. ती न्यायला आलात तेव्हा पिशवी विसरलात. पिशवी न्यायला आलात आणि कशाला आलो हेच विसरून चहा पिऊन गेलात. पिशवी अजून आमच्या दारामागे आहे. मुलांना इतकी वर्षं 'नीट बघा, मग लिहा' म्हणत आलेल्या माणसाला दारामागची स्वतःची पिशवी दिसत नाही, याचं मला फार समाधान वाटतं. मला एक अक्षर वाचता येत नाही, पण छत्री मी आजवर कुठं विसरले नाही.

आता मी कोण, तर भिंगरीची आजी. भिंगरी म्हणजे जी पोर आत्ता तुमच्यापुढे उभी राहून हे वाचतेय ती. शब्द माझे, आवाज तिचा. मला यायचं होतं, पण पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी आत लोखंड घालून मला सात नंबरच्या खाटेवर झोपवून ठेवलंय. हे भाषण मी तुमच्या समारंभाच्या दोन दिवस आधी सांगतेय आणि ती स्टुलावर बसून लिहून घेतेय. लिहिता लिहिता दोनदा माझ्याकडे डोळे वटारून झालेत. सिस्टरनं कागदाची दुसरी प्रत काढून द्यायचं कबूल केलंय. ती सरांच्या हातात असेल. पोरीनं एखादं वाक्य गाळलं किंवा पदरचं घातलं, तर सर, तिथल्या तिथं टोका. असं का म्हणते ते पुढं कळेल.

अध्यक्षबाईंनी निरोप पाठवला की पालकांच्या वतीनं चार शब्द बोला. मी चार शब्दांत आजवर कुणाकडे पाणीसुद्धा मागितलेलं नाही. तरी थोडक्यात आवरते. पाहुण्यांच्या खुर्च्या करकरायला लागल्या की मी समजेन माझं लांबलं. तशा त्या पहिल्या दिवसापासून करकरतात म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

मंडळी, शाळेच्या शेवटच्या वर्गात इंग्रजीचा उतारा नावाची एक गोष्ट असते. अर्धं पान गोष्ट किंवा माहिती छापलेली, खाली पाच प्रश्न. उतारा वाचायचा आणि उत्तरं त्यातूनच शोधून लिहायची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण निम्मा वर्ग तिथंच गुण घालवून यायचा, म्हणून सरांनी एक रीत पाडली. रोज संध्याकाळी एक उतारा घरी न्यायचा, मोठ्यानं वाचायचा, मग घरातल्या एका माणसाला आपल्या भाषेत सांगायचा. त्या माणसानं शंका विचारायच्या, आणि झालं की वहीत सही करायची. आणि माणूस कसा शोधायचा? तर ज्याला इंग्रजीचा गंधही नाही असा. सरांचं म्हणणं, इंग्रजी येणारा माणूस ऐकताना तुमच्या चुका आपल्या मनात दुरुस्त करून घेतो. न येणाऱ्याला तुम्ही सांगाल तेवढंच कळतं.

आता आमच्या घरात असा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मुलगा मालाची गाडी चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. सून कारखान्यात पॅकिंगला, तिची पाळी दुपारी सुरू होते. संध्याकाळी घरात आम्ही दोघीच. सही म्हणून माझा अंगठा. वर्षभरात एकशे चौदा अंगठे झाले. मुलं हसायची म्हणे, तुझ्या वहीत बोटांचीच शाळा भरलीय म्हणून. हसू देत. माझा अंगठा कुणाला खोटा करता आला नाही, त्यांच्या बापांच्या सह्या मुलं शाळेच्या फाटकाशी करायची.

पहिला उतारा दीपगृहाचा होता. समुद्रातल्या खडकावर उंच मनोरा, वर मोठा दिवा. दिवा सांभाळायला नवरा-बायको. तेल संपत आलं म्हणून नवरा होडीनं किनाऱ्यावर गेला, आणि मागून धुकं उतरलं. बाई एकटी. दर तासाला जिना चढायची, काच पुसायची, खाली यायची. आणि शेवटचं वाक्य काय, तर ती पुन्हा जिना चढू लागली.

मी म्हटलं, मग?

भिंगरी म्हणाली, मग संपलं. आता प्रश्न.

अगं, संपलं कसं? माणूस तिकडे धुक्यात होडीत बसलाय. तेल आणलं का त्यानं? बाई खाली आली की नाही? पोरगी म्हणते, आजी, उतारा एवढाच असतो. मला सांगा, हा काय प्रकार आहे? एखाद्याला दारात बोलवायचं आणि तोंडावर कडी लावायची. मी अंगठा दिला, पण जिवाला चैन पडेना. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत माझ्या फेऱ्या सुरू. दुसऱ्या दिवशी कांदा चिरायला घेतला, अर्धा चिरून उठले. तो माणूस होडीतच.

आणि हे रोजचं. घड्याळ दुरुस्त करणारा एक म्हातारा, त्याच्याकडे चोरीचं घड्याळ येतं. घड्याळ उघडतो आणि आतलं काहीतरी पाहून दचकतो. संपलं. एक डॉक्टरीण पावसात कुणाच्या तरी दारावर थाप मारते. संपलं. एक बाप मुलाला आणायला स्टेशनवर जातो, गाडी येते, डबे रिकामे होत जातात. संपलं. मधमाश्यांचा एक उतारा आला, त्यात कुणी अडकलेलं नव्हतं, तेवढा एक दिवस मी बसून जेवले.

मी बत्तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली. दिवसभर उभं राहायची सवय, त्यामुळे डोक्यात काही घोळायला लागलं की माझे पाय आपोआप चालू होतात. खुबा तेव्हाही दुखत होता. पोरगी ते बघत होती, हे मला नंतर कळलं.

आठवड्याभरानं ती शाळेतून आली आणि म्हणाली, आजी, दीपगृहाचं पुढचं सापडलं. सरांच्या मोठ्या पुस्तकात आहे. नवरा पहाटे आला. भिजून चिंब. तेल आणलंच, आणि बायकोसाठी नवे बूट आणले, कारण तो दगडी जिना चढून तिचे जुने झिजले होते. मी खाली बसले. खरं सांगते, आठ दिवसांनी पहिल्यांदा नीट बसले. मग घड्याळवाल्याचंही पुढचं सापडलं, डॉक्टरणीचंही सापडलं, स्टेशनवरच्या बापाचा मुलगा शेवटच्या डब्यातून उतरला. मी भाजीवालीपाशी बढाया मारल्या, आमच्या शाळेतले सर मोठे दिलदार, मुलांना पुढचं पानसुद्धा दाखवतात.

सगळ्यांचे शेवट गोड होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग सराव परीक्षा झाली. भिंगरीला औषधाच्या दुकानात काम करायचं शिक्षण घ्यायचंय. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध काढून द्यायचं, ते. त्या शिक्षणाला जागा मोजक्या, आणि शेवटच्या परीक्षेत इंग्रजीत पास झाल्याशिवाय अर्जाला हात लावत नाहीत. बाकीचे विषय तिचे चांगले आहेत. गाडी अडायची ती इंग्रजीपाशी. तर सराव परीक्षेचं काय झालं विचारलं, म्हणाली, पास झाले, काठावर. मी म्हटलं, काठावर तर काठावर, पाण्यात नाही ना. आणि निर्धास्त झाले.

चार दिवसांनी सर घरी आले. हीच ती छत्रीची फेरी. हातात भिंगरीचा पेपर. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. भिंगरी मोरीपाशी भांडं घासत होती. ते आधीच घासलेलं होतं.

सर म्हणाले, "आजी, एक विचारू? हे बूट कुणाचे?"

मी म्हटलं, "दीपगृहातल्या बाईचे. नवऱ्यानं आणले ते."

"कुठल्या पुस्तकात?"

"तुमच्याच. मोठ्या पुस्तकात."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मोरीकडे. मग छत्री कोपऱ्यात ठेवून खुर्चीवर बसले. त्यांनी सांगितलं ते असं. सराव परीक्षेत त्यांनी मुद्दाम दीपगृहाचाच उतारा घातला होता, सगळ्यांना ओळखीचा म्हणून. प्रश्न होता, बाई दर तासाला जिना का चढायची? उत्तर उताऱ्यात ढळढळीत छापलेलं, काचेवर काजळी धरायची म्हणून. भिंगरीनं लिहिलं, नवे बूट मिळाल्याचा आनंद झाला म्हणून. पाचातली चार उत्तरं अशीच, पहाट, भिजलेला नवरा, बूट. ज्या मुलांनी नीट वाचलं नव्हतं त्यांनासुद्धा तिच्यापेक्षा जास्त मिळाले. चार गुणांनी ती नापास झाली होती.

मी पोरीकडे वळून विचारलं, दोन गोष्टी खोट्या सांगितल्यास, त्यातली मोठी कुठली? ती भांडं घासतच म्हणाली, "तू सारख्या फेऱ्या घालायचीस, आजी. तुझा पाय दुखायचा. म्हणून मी त्यांना घरी आणलं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "इतक्यांदा तुला सांगितलं की मला ते छापलेलंच वाटायला लागलं."

आता यावर माणसानं रागवायचं कसं? मी प्रयत्न केला, जमला नाही. सरांनीही केला, त्यांना तर मुळीच जमला नाही. पण एक सांगते, सर तेव्हा जे बोलले ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, हिला औषधं द्यायची आहेत. चिठ्ठीवर नसलेली गोळी हिनं रोग्याची दया येऊन पुडीत घातली तर? गुण गेले ते गेले, पण हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

मग सरांनी मला काम दिलं. शिक्षा म्हणा हवं तर. म्हणाले, आजपासून 'मग काय झालं' हे विचारायचं नाही. तुम्ही एकच विचारायचं, 'कुठं लिहिलंय?' आणि हिनं त्या ओळीवर बोट ठेवायचं.

मी म्हटलं, अहो सर, मला काळं की गोरं कळत नाही. ती कुठंही बोट ठेवील. मला काय समजणार?

सर म्हणाले, ओळीकडे बघूच नका. बोटाकडे बघा.

मंडळी, लाँड्रीत गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी मला कधी वाचता आली नाही. कपड्याच्या कडेला घातलेल्या दोऱ्याच्या खुणेवरून आणि समोरच्याच्या हातावरून मी ओळखायची. आपला कपडा ज्याला ठाऊक आहे तो सरळ त्यालाच हात घालतो. दुसऱ्याचा चांगला सदरा ज्याला पळवायचाय, त्याचा हात आधी दोन-चार कपड्यांशी गप्पा मारतो. बोटाचंही तसंच. माहीत असलेलं बोट येऊन बसतं. माहीत नसलेलं बोट शेजारीपाजारी चौकशी करत हिंडतं. चार दिवसांत मी पोरीला सांगायला लागले, इथं नाही, तुझं बोट अजून रस्त्यात आहे. ती चिडायची. म्हणायची, तुला वाचता येत नाही आणि तू माझ्या चुका काढतेस. मी म्हणायची, चुका तुझ्या बोटाच्या आहेत, तू मधे पडू नकोस.

तिचं बोट बसायला लागलं. सराव परीक्षा दुसऱ्यांदा झाली तेव्हा उताऱ्यात दहापैकी सात. हे सात मी सरांच्या तोंडून ऐकले, तिच्या नव्हे. बाकीचे धडे, पत्र, व्याकरण यांचं काय झालं ते विचारलं तर सर म्हणाले, त्यांनाही थोडा धीर द्या.

पण माझं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. 'मग' हा शब्द गिळणं किती अवघड असतं, हे ज्यानं गिळलाय त्यालाच ठाऊक. उतारा संपायचा, माझे ओठ उघडायचे, मी मिटून घ्यायची. आणखी चाळीसेक माणसं अशी माझ्या डोक्यात कुठं कुठं अर्धवट राहिली आहेत. एक जिन्यात, एक झाडावर, एक जण पत्राच्या पेटीत हात घालून. एकदा न राहवून मी सरांना रस्त्यात गाठलं आणि विचारलं, आता खरं सांगा, तो दीपगृहाचा माणूस खऱ्या पुस्तकात परत येतो का? सर म्हणाले, आजी, त्याचं पुस्तकच नाही. परीक्षेपुरता कुणीतरी अर्धं पान लिहिलंय. पुढचं कुणी लिहिलेलंच नाही.

म्हणजे बघा. तो माणूस जगात फक्त एकाच ठिकाणी परत आला, आमच्या स्वयंपाकघरात. आणि तिथूनही मीच त्याला बाहेर काढला.

शेवटची परीक्षा झाली. भिंगरी घरी आली, बूट काढले, पाणी प्यायली. मी विचारलं, उतारा कसला होता? म्हणाली, एका मुलीला आजोबांचा जुना कॅमेरा सापडतो, आत न धुतलेली फिल्म असते, ती घेऊन दुकानात जाते. मी म्हटलं, मग? चुकून गेलं तोंडातून. वर्षाची सवय.

ती म्हणाली, "माहीत नाही. पुढचं छापलेलं नव्हतं."

अगदी सरळ म्हणाली. जशी औषधाच्या दुकानातली बाई सांगेल, हे औषध आमच्याकडे नाही. मला वाटलं, बाई गं, झाली ही तयार. आणि त्याच दमात वाटलं की घरातलं कुणीतरी सामान बांधून निघून गेलं. त्या फिल्मवर काय होतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. इथं खाटेवर फेऱ्याही घालता येत नाहीत. चादरीखाली पायाचा अंगठा तेवढा हलतो. सिस्टर विचारते, आजी, पाय दुखतोय का? मी म्हणते, नाही, दुकानात जाऊन येतेय.

आता मुख्य गोष्ट. परीक्षेचा निकाल तुमच्या समारंभाच्याच दिवशी दुपारी लागणार आहे. म्हणजे आत्ता हे ऐकताना तुम्हाला सगळ्यांना तो माहीत आहे. वाचणारीला माहीत आहे. मला, सांगताना, माहीत नाही. तिच्या तोंडाकडे बघू नका, ती गोरीमोरी होते. वाच गं तू.

आणि अडचण अशी आहे की मला तो कळणारही नाही. माझा रक्तदाब वर गेलाय. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलंय, आजींना त्रास होईल असं काही कानावर घालू नका. सून मान डोलावून गेली. मुलानं फोनवर हो म्हटलं. म्हणजे निकाल काहीही लागला तरी सात नंबरच्या खाटेपर्यंत तो पास होऊनच येणार. या घरात भिजलेली माणसं कोरडी करून माझ्यापुढे आणायची चाल आहे, आणि आता तर त्यांना डॉक्टरची परवानगीही मिळालीय. भिंगरीवर माझा राग नाही. ज्या पोरीनं माझ्या पायासाठी एका बुडणाऱ्या माणसाला किनाऱ्याला लावलं, ती माझ्या रक्तदाबासाठी चार गुण सहज वाढवील.

मला तसे वाढवलेले नकोत. गोड बातमी ऐकून मी हसायचं, तिनं हसायचं, आणि दोघींनी एकमेकींचं तोंड चुकवायचं, हे एकदा करून झालंय. पोरगी नापास झाली असेल तर मला ते माहीत हवं, कारण मग फेरपरीक्षेपर्यंत बोटाकडे बघायला कुणीतरी लागेल. ते काम खाटेवर पडूनही होतं.

सर, तुमच्याबद्दल मी फार चांगलं बोलले नाही, हे ध्यानात आलं का? मुद्दाम. चांगलं बोलायला व्यासपीठावर बरेच जण बसलेत, त्यांना काम राहू दे. मी एवढंच म्हणते की तुम्ही कधी माझ्याजवळ काही वाढवून सांगितलं नाहीत. नापास म्हणालात, सात म्हणालात, पुस्तकच नाही म्हणालात. तुम्ही निवृत्त झालात की मला असं सांगणारं कोण, हा विचार करते आणि अंगठा जास्तच हलायला लागतो. अधूनमधून येत जा. पिशवी मी मुद्दामच देणार नाही.

अध्यक्षबाईंनी बोलायला दिलं, पाहुण्यांनी खुर्चीत बसून घेतलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, सिस्टरनं प्रत काढून दिली, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाला बोचलं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते नातीच्या पदरात घाला, मला त्यातलं काही दिसत नाही.

शेवटचं काम. समारंभानंतर केक कापणार आहात असं कळलंय. डॉक्टरांनी मला मऊ खायची मुभा दिलीय. सर, तुमच्या हातानं डबा भरा. भिंगरी पास झाली असेल तर माझ्यापुरता एकच तुकडा पाठवा, मी खाईन आणि ती बघत बसेल, पास झालेल्यांचं पोट भरलेलं असतं. नापास झाली असेल तर दोन पाठवा, एक तिच्यासाठी, आम्ही दोघी खाऊन कामाला लागू. वर क्रीम नको, मला बाधतं. आणि डबा तिच्याच हाती द्या. शाळेपासून इथवर चांगली अर्ध्या तासाची वाट आहे, वाटेत एक तुकडा खाऊन तिला पास होता येईल, हे मला ठाऊक आहे. तरी झाकणाला दोरी बांधू नका.